स्पिन-साखळी कापा आणि एन्टँगलमेंट मोजा: वही, लॅपटॉप आणि प्रयोगशाळेचा डेटा

एम.एस्सी.ला कंडेन्स्ड मॅटर घेतलेल्या कोणालाही एन्टँगलमेंटबद्दल, म्हणजे कणांच्या अवस्थांच्या आपसातल्या गुंत्याबद्दल, विचारा, तो हमखास दोन फोटॉनांची गोष्ट सांगतो. एक इकडे, दुसरा तिकडे, याला मोजलं की त्याचं कळतं. गोष्ट खोटी नाही. पण तांब्याच्या एखाद्या क्षारात असंख्य स्पिन, म्हणजे अणूंतले इवलेसे चुंबक, एकमेकांना खेटून बसलेले असतात, तिथे ही गोष्ट फारशी कामाला येत नाही. तिथे पहिला प्रश्न असा येतो की गुंता नक्की कोणाचा कोणाशी? माझं मत असं की याचं उत्तर नुसतं वाचून अंगी लागत नाही. पदार्थाचे मनातल्या मनात दोन तुकडे करायचे, आकडा काढायचा, मग काप सरकवून पुन्हा काढायचा. हे दोन-चार वेळा हाताने केलं की पुढचे पेपर वाचता येतात.

त्यामुळे हा लेख करून बघणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही नागपुरात अमरावती रोडच्या कॅम्पसवर असा, व्हीएनआयटीत असा की इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सामान तेवढंच लागतं: वही, पेन, आणि ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप, त्यावर पायथन, नमपाय आणि सायपाय. जीपीयू लागत नाही. बर्डीच्या बाजारात जाऊन रॅम वाढवून आणायची घाईही करू नका. ती कधी लागते ते पुढे येईलच. स्पिन-अर्धाचे नियम आणि मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू एवढं येत असलं की पुरे.

पहिली पायरी: दोन स्पिन, वहीवर

दोन स्पिनच्या कोणत्याही अवस्थेत चार गुणक असतात: ↑↑, ↑↓, ↓↑ आणि ↓↓ यांचे. त्यांचा दोन बाय दोनचा तक्ता मांडा. ओळ म्हणजे डावा स्पिन, रकाना म्हणजे उजवा.

आधी चारही जागी १/२ लिहा. दिसायला चारही शक्यतांची सरमिसळ, पण दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या आहेत. म्हणजे डाव्याचं काहीही झालं तरी उजव्याची अवस्था तीच. दोन्ही स्पिन आपापले आडवे पडलेले आहेत, एवढंच. एन्टँगलमेंट शून्य.

आता शेवटच्या १/२ चं चिन्ह उणे करा. बाकी काही हलवू नका. दोन्ही ओळी एकमेकींना काटकोनात आल्या, आणि गुंता एकदम कमाल मर्यादेला पोचला. सुपरपोझिशन म्हणजेच एन्टँगलमेंट, असा समज बऱ्याच जणांच्या डोक्यात बी.एस्सी.पासून बसलेला असतो. तो काढायला या दोन तक्त्यांइतका सोपा उपाय मला माहीत नाही.

आकडा काढायची कृती अशी. तक्त्याच्या सिंग्युलर व्हॅल्यू काढा. त्यांचे वर्ग करा. वर्गांची बेरीज १ यायलाच हवी. प्रत्येक वर्गाला त्याच्याच नैसर्गिक लॉगने गुणा, सगळ्यांची बेरीज करा आणि चिन्ह उलटवा. ही फॉन नॉयमन एन्ट्रॉपी. पहिल्या तक्त्यात वर्ग १ आणि ०, म्हणून एन्ट्रॉपी शून्य. दुसऱ्यात १/२ आणि १/२, म्हणून ०.६९३, म्हणजे २ चा नैसर्गिक लॉग. दोन स्पिनांत याहून मोठा आकडा येऊच शकत नाही. पुस्तकात हेच 'उजव्या भागावर ट्रेस घेऊन रिड्यूस्ड डेन्सिटी मॅट्रिक्स काढा' असं दिलेलं असतं. ते वर्ग म्हणजे त्याच मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू. स्पिन दोन असोत की वीस, कृती बदलत नाही. फक्त तक्ता मोठा होतो.

दुसरी पायरी: चार स्पिन, अजूनही वहीवरच

ही पायरी गाळून थेट प्रोग्रामकडे धावायचा मोह होतो. गाळू नका. माझ्या लेखी या लेखातली सगळ्यात मोलाची पायरी हीच.

चार स्पिन एका ओळीत घ्या, टोकं मोकळी. शेजारी-शेजारी हायझेनबर्ग अँटिफेरोमॅग्नेटिक जोड, म्हणजे शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट राहायला बघतात; जोडाची ताकद १ माना. सगळ्यात कमी ऊर्जेच्या अवस्थेत एकूण स्पिन शून्य असतो, आणि चार स्पिनांतून एकूण शून्य करायचे स्वतंत्र मार्ग दोनच. एक, १-२ ची सिंग्लेट जोडी (दोघांचा मिळून स्पिन शून्य) आणि ३-४ ची सिंग्लेट जोडी. दुसरा, १-२ ट्रिप्लेट (मिळून स्पिन १), ३-४ ट्रिप्लेट, आणि त्या दोन ट्रिप्लेटची मिळून बेरीज शून्य. म्हणजे सोळा बाय सोळाचा प्रश्न दोन बाय दोनवर आला. या मॅट्रिक्सच्या कर्णावर −१.५ आणि ०, कर्णाबाहेर √३/४. खालची आयगेनव्हॅल्यू −१.६१६. त्या अवस्थेत पहिल्या मार्गाचा वाटा ०.९३३, दुसऱ्याचा ०.०६७.

आता काप घाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्पिनच्या मधून कापलं की चार वर्ग मिळतात: सिंग्लेटचा ०.९३३, आणि तीन ट्रिप्लेटमध्ये सारखा वाटला गेलेला ०.०६७, म्हणजे प्रत्येकी ०.०२२३. एन्ट्रॉपी ०.३१९. पहिल्या स्पिननंतर कापलं तर ०.६९३, कारण एकूण स्पिन शून्य असल्यावर एकट्या स्पिनला कुठलीच दिशा लाडकी उरत नाही. तिसऱ्यानंतरही तेच. म्हणजे डावीकडून उजवीकडे ०.६९३, ०.३१९, ०.६९३. टोकाच्या स्पिनला शेजारी एकच, म्हणून तो त्यालाच घट्ट धरतो आणि मधला जोड सैल पडतो. लांब साखळीतही टोकांपासून हा वर-खाली नागमोडी आलेख दिसतो आणि मध्याकडे जाताना विरत जातो. तो दिसला की प्रोग्राममध्ये बग शोधत बसू नका.

आता खरी गंमत. प्रत्येक जोडाची ऊर्जा वेगळी काढा: −०.६८३, −०.२५, −०.६८३. बेरीज −१.६१६, जुळलं. दोन स्पिन-अर्धांत एन्टँगलमेंट नसेल तर त्यांच्या जोडाची ही किंमत −०.२५ च्या खाली जात नाही. आणि इथल्यासारखी सगळ्या दिशा सारख्या असलेली जोडी असेल, तर उलटंही खरं: −०.२५ च्या खाली गेली तरच ती जोडी गुंतलेली. मधला जोड बरोब्बर उंबरठ्यावर, म्हणजे २ आणि ३ आपसात गुंतलेले नाहीत. १ आणि ४? तेही −०.२५. १-३ आणि २-४ यांची किंमत तर अधिक ०.१८३.

इथे वर्गात कोणीतरी विचारतंच, "सर, पलीकडच्या कोणाशीच काही नाही, मग हे ०.३१९ कुठून येऊन राहिलं?"

प्रश्न एकदम रास्त आहे. कापाच्या अलीकडचा कोणताही एक आणि पलीकडचा कोणताही एक उचला, चारही जोड्यांत एन्टँगलमेंट शून्य. तरी १-२ चा गट अख्खा आणि ३-४ चा गट अख्खा एकमेकांत गुंतलेले आहेत. जोडी-जोडीने हिशेब केला तर हा गुंता हाती लागत नाही. दोन फोटॉनांच्या गोष्टीत हे दिसायला वावच नव्हता, कारण तिथे गट करायला माणसंच अपुरी. अनेक-कणांच्या पदार्थात एन्टँगलमेंटचा आकडा नेहमी एखाद्या कापाचा असतो. 'या पदार्थात एन्टँगलमेंट किती' एवढाच प्रश्न विचारला तर तो अर्धा आहे.

याच चार स्पिनांची टोकं जोडून रिंग करा आणि हाताने पुन्हा सोडवा. ऊर्जा −२, वाटे ०.७५ आणि ०.२५, अर्ध्यावर कापल्यास एन्ट्रॉपी ०.८३७ यायला हवी. हे आकडे वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा. प्रोग्राम तपासायला हेच लागणार आहेत.

तिसरी पायरी: प्रोग्राम

प्रत्येक मांडणी एका पूर्णांकाने दाखवा. बायनरीत लिहिलेल्या पूर्णांकाचा एकेक बिट म्हणजे एकेक स्पिन, १ म्हणजे वर, ० म्हणजे खाली. हायझेनबर्ग जोडाचा नियम दोन ओळींत बसतो. शेजारचे दोन बिट सारखे असतील तर कर्णावर अधिक १/४. वेगळे असतील तर कर्णावर उणे १/४, आणि ते दोन बिट अदलाबदल करून मिळणाऱ्या मांडणीकडे १/२. सगळ्या मांडण्या आणि सगळे जोड यांवर हे फिरवलं की हॅमिल्टोनियन तयार.

पूर्ण मॅट्रिक्स साठवाल तर १२ स्पिनला सुमारे १२८ एमबी लागतात, १४ ला २ जीबी, आणि त्यापुढे लॅपटॉप गुडघे टेकतो. म्हणून सुरुवातीपासूनच स्पार्स मॅट्रिक्स (फक्त शून्य नसलेले आकडे साठवणारी) वापरा आणि सायपायमधल्या लँक्झोस पद्धतीच्या सॉल्व्हरकडून फक्त सगळ्यात खालची एक-दोन आयगेनव्हॅल्यू मागा. २० स्पिनच्या अवस्थेत १०,४८,५७६ गुणक असतात, म्हणजे जेमतेम ८ एमबी. अवस्था साठवायला त्रास नाही, त्रास मॅट्रिक्सचा असतो. एकूण झेड-स्पिन शून्य असलेल्याच मांडण्या, म्हणजे तेवढाच सेक्टर, घेतला तर २० स्पिनला १,८४,७५६ इतक्याच उरतात. रॅम वाढवायचा विचार २४ च्या पुढे करा, आणि तोही हा सेक्टर वापरूनच. ३० स्पिनची सबंध अवस्था एकटीच ८ जीबी खाते.

अवस्था मिळाली की ती एक लांब रांग असते. तिला तक्त्याचा आकार द्या: ओळी २ चा डाव्या स्पिनांइतका घात, रकाने २ चा उजव्या स्पिनांइतका घात. सेक्टर वापरला असेल तर आधी गुणक पूर्ण लांबीच्या रांगेत आपापल्या जागी ठेवा आणि उरलेल्या जागी शून्य भरा, मगच आकार बदला. नमपायचा आकार बदलणारा आदेश सर्वांत मोठ्या किमतीचे बिट ओळींकडे देतो. तुम्ही पहिला स्पिन सर्वांत लहान बिटवर ठेवला असेल तर 'डावा तुकडा' म्हणून उजवा तुकडा मिळेल. अर्ध्यावरच्या कापात हे लपून जातं आणि काप सरकवल्यावर आकडे उलट्या क्रमाने येतात. मग सिंग्युलर व्हॅल्यू, वर्ग, लॉग. १०^−१५ पेक्षा लहान वर्ग लॉगआधीच वगळा, नाहीतर शून्याचा लॉग घेऊन सगळ्या उत्तराचा विचका होतो.

आता चार स्पिन घालून वहीशी ताडून पाहा. ०.३१९ आणि ०.८३७ आले नाहीत तर पुढे जाऊ नका. ऊर्जा चौपट आली तर स्पिनऐवजी पाउली मॅट्रिक्स घेतल्या आहेत. एन्ट्रॉपी ०.४६१ आली तर लॉग २ च्या पायाचा आहे. चूक नाही, पण पुढच्या सूत्रांत नैसर्गिक लॉग धरला आहे.

मे महिन्यात नवतपात दुपारी मोठी रन लावू नका. गरम झाला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवणं म्हणजे त्याला ओलावा पाजणं. रात्री लावा. आणि अवस्था फाइलमध्ये साठवत जा. लाइट गेली तर निदान तेवढं तरी हाती राहील.

फसवणाऱ्या दोन जागा

एक, विषम संख्येच्या स्पिनांची हायझेनबर्ग रिंग. तिची खालची अवस्था एकटी नसते, एकाच ऊर्जेच्या चार असतात. सॉल्व्हर त्यांचं कोणतंही मिश्रण देतो आणि एन्ट्रॉपी दर रनला बदलते. सम संख्या घ्या.

दुसरी जास्त कावेबाज. ट्रान्सव्हर्स आयसिंग मॉडेलमध्ये शेजारी एकाच बाजूला, वर किंवा खाली, राहायला बघतात आणि आडवं चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवतं; हे क्षेत्र कमी असताना सगळे वर आणि सगळे खाली या दोन अवस्था जवळजवळ एकाच ऊर्जेच्या असतात. लहान साखळीत सॉल्व्हर त्यांची समान बेरीज काढून देतो, आणि एन्ट्रॉपी ०.६९३ च्या आसपास चिकटून बसते. खऱ्या चुंबकात बाहेरचा जरासा धक्काही यातली एक बाजू निवडतो आणि हा आकडा उडून जातो. हा ०.६९३ पाहून 'ऑर्डर असलेल्या फेजमध्ये जास्त एन्टँगलमेंट' असं रिपोर्टमध्ये लिहू नका. एका टोकाच्या स्पिनवर अगदी किरकोळ उभं क्षेत्र लावून पुन्हा पाहा, मग कळेल.

चौथी पायरी: काप सरकवा, साखळी वाढवा

नुसता एक आकडा फारसं बोलत नाही. तो वाढतो कसा, यात सगळं भौतिकशास्त्र आहे.

आयसिंग रिंग घ्या आणि शेजाऱ्यांच्या जोडाच्या तुलनेत आडवं क्षेत्र दुप्पट ठेवा. ८, १२, १६ स्पिनला अर्ध्यावरची एन्ट्रॉपी काढा. ती जवळपास हलत नाही. गॅप असलेल्या, म्हणजे खालची अवस्था आणि पुढची अवस्था यांच्या ऊर्जेत फट असलेल्या, एकमितीय साखळीत गुंता फक्त कापाच्या आसपास असतो. आत कितीही लांब तुकडा असो, त्याला पत्ता नसतो. याला एरिया लॉ म्हणतात, आणि एकमितीसाठी त्याची गणिती सिद्धता मॅथ्यू हेस्टिंग्सने २००७ मध्ये दिली.

आता क्षेत्र जोडाइतकंच करा, पाउली मॅट्रिक्समध्ये गुणोत्तर नेमकं १. हा क्रांतिक बिंदू, इथे लांब साखळीत ही फट मिटते. इथे रिंग ८ वरून १६ केली की एन्ट्रॉपी सुमारे ०.११६ ने वाढते, आणि पुन्हा दुप्पट कराल तर पुन्हा तेवढीच. ही लॉगची वाढ. कॅलाब्रेझी आणि कार्डी यांच्या २००४ च्या सूत्रानुसार रिंगसाठी चढ म्हणजे सेंट्रल चार्ज (क्रांतिक मॉडेलची जात सांगणारा आकडा) भागिले ३. आयसिंगचा सेंट्रल चार्ज १/२, हायझेनबर्ग साखळीचा १. म्हणून हायझेनबर्ग रिंगला दुप्पट केल्यावर वाढ ०.२३१ च्या जवळपास यायला हवी. टोकं मोकळी असतील तर ३ ऐवजी ६, कारण कापाची जागा दोनऐवजी एकच.

याहून चांगला आलेख एकाच रिंगमधून निघतो. १६ स्पिनच्या रिंगमध्ये तुकड्याची लांबी १ ते १५ बदला. लांबी भागिले १६ गुणिले १८० अंश, त्याचा साइन, त्याचा लॉग आडव्या अक्षावर, एन्ट्रॉपी उभ्यावर. बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. चढाला ३ ने गुणलं की सेंट्रल चार्ज. लांबी १ आणि १५ चे बिंदू रेषेतून थोडे सुटतात, ते फिटमध्ये घेऊ नका. घरच्या लॅपटॉपवर, कुठलीही मोजदाद न करता, दोन वेगळ्या मॉडेलांची जात ओळखता येते हे पहिल्यांदा पाहिल्यावर मुलं आलेख पुन्हा पुन्हा उघडून बघतात.

तुलनेसाठी १६ स्पिनची वाटेल तशी यादृच्छिक अवस्था बनवून तिचीही अर्ध्यावरची एन्ट्रॉपी काढा. डॉन पेज यांच्या १९९३ च्या निकालानुसार ती ५.०४ च्या आसपास येते, आणि तुकडा वाढवला की त्याच प्रमाणात वाढते. हायझेनबर्ग रिंगचा आकडा याच्या कितीतरी खाली असतो. हिल्बर्ट स्पेस, म्हणजे सगळ्या शक्य अवस्थांची जागा, अफाट असली तरी पदार्थांच्या ग्राउंड स्टेट, म्हणजे सगळ्यात कमी ऊर्जेच्या अवस्था, तिच्या एका कोपऱ्यात राहतात.

त्या कोपऱ्याचा फायदा स्टीव्हन व्हाइट यांच्या १९९२ च्या डीएमआरजी (डेन्सिटी मॅट्रिक्स रीनॉर्मलायझेशन ग्रुप) पद्धतीने घेतला. प्रत्येक कापाला सगळ्या सिंग्युलर व्हॅल्यू ठेवायच्याच नाहीत, मोठ्या तेवढ्या ठेवायच्या. एखाद्या कापाला १०० ठेवल्या तर तिथे एन्ट्रॉपी १०० च्या लॉगपर्यंत, म्हणजे ४.६ पर्यंत मावते. शंभर स्पिनची साखळी तुमच्याच लॅपटॉपवर सुटते ती यामुळे. तयार लायब्ररी आहेत. स्वतः लिहीत बसू नका. पण ठेवलेली संख्या दुप्पट करून उत्तर हलतं का ते दरवेळी पाहा, विशेषतः क्रांतिक बिंदूवर. द्विमितीत ही युक्ती लवकर दमते, कारण तिथे कापाची सीमाच लांब होते आणि तिच्यासोबत एन्ट्रॉपीही.

पाचवी पायरी: खऱ्या पदार्थाचा डेटा

एन्ट्रॉपी थेट मोजणं अवघड. २०१५ मध्ये हार्वर्डच्या गटाने प्रकाशाच्या जाळीत चार-चार रुबिडियम अणूंच्या दोन सारख्या प्रती बनवून, त्यांचं आपसात व्यतिकरण घडवून दुसऱ्या क्रमांकाची रेनी एन्ट्रॉपी (फॉन नॉयमन एन्ट्रॉपीची भावंडं) मोजली. स्फटिकाच्या तुकड्याची अशी प्रत काढता येत नाही. पण एन्टँगलमेंट आहे की नाही, एवढं सांगणारी साक्ष मात्र साध्या चुंबकीय ससेप्टिबिलिटीतून, म्हणजे बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला पदार्थ किती दाद देतो त्यावरून, मिळते, आणि ती मोजणी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्येही येऊ शकते.

कृती अशी. पदार्थ हायझेनबर्ग प्रकारचा, म्हणजे सगळ्या दिशांना सारखा असावा, आणि स्पिन-अर्धाचा. द्विसंयुजी तांब्याचे क्षार यासाठी सोयीचे. ससेप्टिबिलिटी गुणिले तापमान असा आलेख काढा. उच्च तापमानाला तो क्युरी स्थिरांकाकडे, म्हणजे सगळे स्पिन सुटे असते तर आली असती त्या किमतीकडे, झुकतो. एन्टँगलमेंट नसलेल्या कोणत्याही अवस्थेत हा गुणाकार क्युरी स्थिरांकाच्या दोन-तृतीयांशाखाली जाऊ शकत नाही. जी-फॅक्टर (स्पिन किती ताकदीचा चुंबक ते सांगणारा आकडा) २ धरला तर क्युरी स्थिरांक ०.३७५ आणि उंबरठा ०.२५, सीजीएस एककांत, प्रति मोल तांबे. आलेख जिथे ही रेषा ओलांडून खाली जातो, त्या तापमानाच्या खाली पदार्थ नक्की गुंतलेला. वर असेल तर साक्ष गप्प आहे. 'गुंता नाही' असा अर्थ काढू नका.

वहीवर पडताळा घेता येतो. नुसत्या सुट्या जोड्या असतील तर ओलांडायचं तापमान जोडाच्या ताकदीला ३ च्या नैसर्गिक लॉगने भागून येतं, आणि त्या तापमानाला सिंग्लेटची शक्यता नेमकी १/२ असते. कॉपर नायट्रेटमध्ये जोड सुमारे ५ केल्विनचा, म्हणजे उंबरठा साडेचार केल्विनच्या आसपास, द्रव हीलियमच्या टप्प्यात. प्रकाशित विश्लेषणांतही सुमारे ५ केल्विनच येतं.

आलेख काढण्याआधी डायमॅग्नेटिक भाग वजा करा, आणि अगदी कमी तापमानाला वर उसळणारी सुट्या तांब्याच्या आयनांची शेपटीही. ती तशीच राहिली तर गुणाकार फुगतो आणि खरा गुंता रेषेच्या वरच लपून राहतो. जी-फॅक्टर २ गृहीत धरू नका; तांब्याचा साधारण २.१ च्या आसपास असतो, आणि क्युरी स्थिरांकात त्याचा वर्ग येतो. ०.२५ ची रेषा थेट ०.२७६ वर सरकते, आणि तिच्यासोबत तुमचं तापमानही. म्हणून आधी उच्च तापमानाच्या डेटावरून क्युरी स्थिरांक काढा, मग त्याचे दोन-तृतीयांश घ्या, आणि रेषा त्यावरच आखा.